सीटमागची जागा

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की पहिले काही दिवस त्यांना वाटायचं, ह्या घरात सकाळ-संध्याकाळ भांडणं चालतात. "अहो, भाकरी वाढू काय?" एवढंसुद्धा आई अशा आवाजात विचारायची की समोरच्या घरातली म्हातारी "वाढ ग बाई, वाढ" म्हणून तिकडून उत्तर द्यायची. अप्पांचे कान गेले होते. एका दिवसात गेले नव्हते. धारवाडच्या पुढं बेलूरला कारखान्यांची वसाहत आहे, तिथल्या एका कारखान्यात अप्पा हॅमरवर होते. तापून लाल झालेलं लोखंड चिमट्यानं साच्यावर धरायचं आणि वरून तो अजस्र हातोडा आपटायचा, पाळी संपेपर्यंत. कानात कापसाचे बोळे घालून ते हुबळीहून कारखान्याच्या बसनं जात आणि घरी आले की ते काळे पडलेले बोळे आई चुलीत टाकी. आधी त्यांच्या कानातून पाखरं गेली, मग सायकलची घंटा, मग आईची हाक आणि शेवटी आमची. दवाखान्यातून मिळालेलं कानातलं यंत्र त्यांनी थोडे दिवस लावून पाहिलं. ते नुसतं शिट्ट्या मारायचं. मग ते ट्रंकेत गेलं ते गेलंच.

याचं दुःख दुसऱ्या कुणाच्या घरात कदाचित थोडं कमी झालं असतं. पण अप्पा गाणारे होते. आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत पुढं उभे राहून बाबासाहेबांची गाणी म्हणायचे. बेळगाव, अळणावर, कुठं कुठं त्यांना बोलावणं यायचं. माझ्या लहानपणीच्या आठवणींत पेटीच्या भात्याचा वास आहे आणि अप्पांच्या गळ्यातली फुगलेली शीर आहे. कान जाऊ लागले तसा त्यांचा सूर हलू लागला. पार्टीतली माणसं चांगली होती, त्यांनी बराच काळ चालवून घेतलं. पण ढोलकी एकीकडे आणि अप्पा दुसरीकडे असं व्हायला लागलं, समोरची पोरं हसायला लागली, तेव्हा बोलावणं येईनासं झालं.  जयंतीच्या दिवशी पांढरा शर्ट घालून अप्पा मिरवणुकीच्या मागे मागे चालायचे आणि घरी येऊन जेवायचे.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, मिलिंद. कॉलेज अर्ध्यावर सोडून तो शिवाप्पा मेस्त्रींच्या दुकानात लागला होता. गाड्यांना सीटकव्हर, टेप, स्पीकर बसवायचं दुकान. पुढं त्यानं एक जुनी व्हॅन घेतली. सकाळी आणि दुपारी शाळेची पोरं न्यायची-आणायची, मधल्या वेळात दुकान. त्या व्हॅनला पेट्रोलचा, पोरांच्या डब्यातल्या लोणच्याचा आणि ओल्या बुटांचा मिळून एक वास होता. अण्णाच्या अंगालाही तो लागलेला असे. तो आला की आई आधी "हात धू" म्हणायची आणि मग ताटलीत गिरमिट द्यायची. कांदा-टोमॅटोच्या फोडणीत कालवलेले चुरमुरे, वर शेव, सोबत एक मिरची. तो उभ्यानंच खायचा. मी त्या वेळी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरातली सगळी कामं मलाच पडतात अशी माझी ठाम समजूत होती.

अशाच एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी एक लॉरी येऊन थांबली, इंजिन चालूच ठेवून. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "लॉरी आली वाटतं." अण्णाचा हात ताटलीतच थांबला. आईची बोंब ज्यांना ऐकू येत नव्हती त्यांना लॉरी कशी ऐकू आली? त्यानं उठून कणगीवर मूठ आपटली. अप्पांनी तिकडं पाहिलं. पितळेचं ताट वाजवलं, अप्पा ढिम्म. दुसऱ्या दिवशी तो दुकानातून विचारून आला. म्हणाला, "सुजा, अप्पांचे कान पुरते गेले न्हाईत. बारीक आवाज गेलेत, जाड आवाज हाईत अजून. ढोलकीची धुम त्यांना पोचवता येईल. फक्त दांडगी पाहिजे आणि पाठीला लागली पाहिजे."

तिथून त्या डब्याचं खूळ सुरू झालं. डबा म्हणजे गाडीत जाड आवाजाचा मोठा स्पीकर, वूफर, ज्या लाकडी पेटीत बसवतात ती पेटी. दुकानात एका गिऱ्हाइकानं काढून टाकलेला वूफर शिवाप्पा मेस्त्रींनी अण्णाला देऊन टाकला होता. पण तो ठेवायचा कुठं? व्हॅनमध्ये जागा म्हणाल तर मागच्या बाकड्याची पाठ आणि मागचं दार यांच्यामध्ये हात-सव्वा हात. त्यातच स्टेपनी उभी आणि शाळेच्या दिवसांत पोरांची दप्तरं गच्च. बाकड्याची पाठ तिरकी, त्यामुळं जागा खाली रुंद आणि वर निमुळती. अण्णानं वर्तमानपत्रं चिकटवून त्या जागेचा आकार कापून आणला, पाचर असते तसा. आमच्या अंगणात प्लाय कापून पहिला डबा झाला. जागेत तो अगदी चपखल बसला आणि वाजवल्यावर असा वाजला की बंद खोलीत कोंडलेला माणूस दारावर बुक्क्या मारतोय. "गुदमरालाय," अण्णा म्हणाला. "ह्याला पोटात हवा लागती. बाहेरून डबा केवढा दिसतो त्याला काही अर्थ नाही. प्लायची जाडीच आतली जागा खाती."

मग आतली हवा मोजायची कशी, हा प्रश्न आला. तिरकी बाजू, मध्ये वूफरच्या मागच्या लोहचुंबकाचं ढोपर घुसलेलं, हिशेब काही जुळेना. शेवटी त्यानं आईच्या डब्यातली ज्वारी आणली. मापानं मोजून मोजून त्या पेटीत ओतली, पुन्हा उपसली, पुन्हा ओतली. आई दारात उभी राहून ओरडत होती, "मेल्या, भुसा घालालास धान्यात! आता काय गाण्याच्या भाकरी करू?" पुढं आठवडाभर भाकरीत लाकडाचा वास यायचा आणि अण्णा दर घासाला "वा!" म्हणायचा. आईनं एकदा लाटणं फेकून मारलं. दुसरा डबा मोठा झाला, त्यासाठी स्टेपनी टपावर गेली. हवा पुरली. आईचा हात लावून अण्णानं तो चालू केला तेव्हा आईनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि मग पुन्हा ठेवला.

राहिलं ते पक्कं बसवायचं. शिवाप्पा मेस्त्री स्वतः येऊन बघून गेले. ते अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायचे. "बोल्ट हाकु, तम्मा. खालच्या पत्र्यातनं बोल्ट टाक. नुसता नको ठेवू." अण्णा म्हणाला, "जूनला शाळा सुरू झाल्या की दप्तरांना जागा लागती, तेव्हा काढायचाच आहे. पत्र्याला भोकं पाडली तर पावसाळ्यात गंज धरतो." त्यानं लॉरीच्या ताडपत्रीला बांधतात तो पट्टा आणला आणि डबा बाकड्याच्या पायांना आवळून टाकला. ओढून पाहिला, हलला नाही. पुढं बाकडं होतं, मागं दार होतं, मध्ये डबा. हलणार तरी कुठं?

त्या वर्षीच्या जयंतीला आमची व्हॅन मिरवणुकीच्या शेवटी होती. अण्णानं अप्पांना मागच्या बाकड्यावर बसवलं, पाठ नीट टेकून बसायला लावली आणि कॅसेट सुरू केली. ते गाणं अप्पांनी पूर्वी कितीतरी वेळा म्हटलेलं होतं. मी त्यांच्या शेजारी होते. माझ्या बरगड्या हलत होत्या, खिडकीची काच झणझणत होती. अप्पा बराच वेळ समोर बघत राहिले. मग त्यांच्या गुडघ्यावरचं बोट हलायला लागलं आणि दुसऱ्या कडव्याला त्यांनी तोंड उघडलं. सूर थोडा खालीच होता, खोटं कशाला सांगू. पण ठेका चुकला नाही, एकदाही नाही. पार्टीतला जुना ढोलकीवाला मिरवणूक सोडून मागे आला आणि व्हॅनच्या दारावर हात ठेवून चालू लागला. अण्णा आरशातून बघत होता. त्याचे डोळे तेवढे आरशात दिसत होते. इतकी वर्षं झाली, भावाचा चेहरा आठवायला बसले की मला आधी ते आरशातले डोळे आठवतात, बाकीचा चेहरा मग मागून यावा लागतो.

शाळांना सुट्टी लागली होती. अण्णाला एक नवा छंद लागला. अप्पांची पाळी दुपारी सुटायची, तेव्हा जमेल त्या दिवशी तो बेलूरच्या गेटावर व्हॅन घेऊन जायचा. कारखान्याची बस सोडून अप्पा राजासारखे मागे बसून गाणी म्हणत हुबळीपर्यंत यायचे. एवढ्या पेट्रोलची चैन आम्हाला परवडणारी नव्हती, पण आई पीठ जास्त मळू लागली. घरी आले की अप्पा दोन भाकरी जास्त खात.

मे महिन्यात अण्णानं व्हॅनचं बाकडं काढून शिवायला टाकलं. पोरांनी पेनं खुपसून रेक्झिनच्या चिंध्या केल्या होत्या, शाळा उघडायच्या आत नवीन कव्हर हवं होतं. बाकडं गेलं तसा त्यानं पट्टा बाजूच्या पत्र्याच्या कडीला बांधला. अप्पांसाठी एक प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि म्हणाला, "आजचा दिवस खुर्चीवर बसतील." मी आणि आई गच्चीत शेवया वाळत घालत होतो. त्यानं खालून हॉर्न वाजवला, मी खाली वाकून पाहिलं नाही. हात भरलेले होते.

बायपासवर पुढच्या ट्रकनं एकदम ब्रेक मारला. अण्णानंही मारला. व्हॅन ट्रकला नुसती टेकली, समोरची काचसुद्धा धड राहिली होती. एरवी माणूस खाली उतरून शिव्या देऊन पुढं गेला असता. पण मागं बाकडं नव्हतं. पट्टा तुटला आणि तो डबा मधली सगळी मोकळी जागा घेत पुढं आला, तो ड्रायव्हरच्या सीटच्या वरच्या अंगाला, अण्णाच्या मानेत.

शिवाप्पा मेस्त्री आमच्याकडं आले तेव्हा त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. त्यांना दुकानात कुणीतरी निरोप दिला होता. ते दारात उभे राहिले आणि कानडीत बोलू लागले. मराठी त्यांना त्या वेळी आठवलंच नाही. अण्णा गेला एवढं आईला कळलं होतं, तरी ती मला विचारत होती, "काय म्हणालेत ग? काय म्हणालेत?" मग कुणीतरी म्हणालं, अप्पा गेटावर थांबले असतील. बस निघून गेली असणार. मेस्त्रीच रिक्षा करून बेलूरला गेले. डबा शेजारी ठेवून, जेवणाचा, गेटाजवळच्या कट्ट्यावर अप्पा बसलेले होते. वॉचमननं त्यांना दोनदा पाणी दिलं होतं.

मयताला आलेल्या पोलिसानं काय झालं ते आईला सांगितलं. आईनं ते ऐकलं, पदरानं तोंड पुसलं आणि मला मोरीत ओढून नेलं. तिचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा एवढा बारीक ऐकला. "हे ह्यांना कळता कामा नये. आपल्यासाठी बनवलेल्या डब्यानं पोरगं मारलं हे कळलं तर हा माणूस जगायचा नाही. ट्रकनं मारलं म्हणायचं. तुला माझी आण हाय." मग ती बाहेर आली, अप्पांसमोर बसली, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरल्यासारखं केलं आणि एक मूठ दुसऱ्या मुठीवर आपटली. "ट्रक," ती म्हणाली. अप्पांनी मान हलवली.

भेटायला येणाऱ्या बायका मात्र त्यांच्या समोरच बोलायच्या. बहिऱ्या माणसासमोर लोक कसे बोलतात हे ज्यांच्या घरात बहिरं माणूस आहे त्यांना सांगायला नको. "डब्यानंच घात केला ग," "बापाच्या हौसेपायी गेलं पोरगं," असं त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बोलायच्या. आई त्यांना अडवत नसे, कारण ऐकू कुठं जातंय, असंच तिला वाटे आणि मलाही. अप्पा भिंतीला टेकून एकेकीच्या तोंडाकडं बघत बसायचे. बिचारे नुसते बघताहेत, असं आम्हाला वाटायचं. आई आता घरात ओरडेनाशी झाली. काही हवं-नको ते ती खुणेनं विचारी. समोरच्या म्हातारीला उत्तर द्यायला काही उरलं नाही.

पावसाळा संपता संपता व्हॅन सोडवून न्या म्हणून पोलीस ठाण्यातून निरोप आला. भंगारवाल्याशी मेस्त्रींनी बोलणं केलं होतं, पण सह्या करायला घरचं माणूस हवं होतं. आई म्हणाली, मी ती गाडी बघणार नाही. मग सह्यांना अप्पा आणि सोबत मी, असं ठरलं. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "त्यांना लांबच उभं कर. डबा नजरेला पडू देऊ नको." ठाण्यामागच्या आवारात धडकलेल्या गाड्या गवतात उभ्या होत्या. आमच्या व्हॅनचं मागचं दार उघडंच होतं. मी अप्पांचा दंड धरून त्यांना सावलीत उभं करायला बघत होते, तर त्यांनी माझा हात अलगद सोडवला आणि सरळ व्हॅनकडं चालत गेले. मी पुढं होऊन दारात आडवी उभी राहिले. त्यांनी मला लहान पोरीला बाजूला करावं तसं खांद्याला धरून बाजूला केलं.

डबा एका अंगावर आडवा पडला होता, त्याला वरून चिकटवलेलं कार्पेट एका कोपऱ्यात फाटून आतला प्लाय दिसत होता. अप्पांनी वाकून पाहिलं. पट्ट्याचं तुटलेलं टोक हातात घेतलं. त्यांना आपला आवाज ऐकू येत नसल्यामुळं तो किती चढतो ते कळत नसे. सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हाच न्हवं? हाच बसला न्हवं त्येच्या मानेत?"

पलीकडं कागद बघत बसलेला पोलीस वळून बघू लागला. भंगारवाला थांबला. मी मान हलवून नाही म्हणत होते, वेड्यासारखी, नाही नाही म्हणत होते.

"मला पहिल्या दिवसापासनं म्हाईत हाय," अप्पा तशाच मोठ्या आवाजात म्हणाले. "शिवाप्पा गेटावर वॉचमनला सांगत होता, मी त्येच्या तोंडाकडं बघत होतो. कारखान्यात कुणाला ऐकू येतंय? बारा महिने आम्ही तोंडं बघूनच बोलतोय. कानडी बी, मराठी बी. बायका घरात बोलत्यात तेबी दिसतंय मला."

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि, हळू बोलायचा प्रयत्न करत असावेत, आवाज फक्त घोगरा झाला. "तुझ्या आईला सांगू नको. मला म्हाईत न्हाई ह्याच्यावरच ती उभी हाय. तेवढं राहू दे तिला."

भंगारवाला म्हणाला, वूफर चांगला आहे, हवा असेल तर काढून देतो. अप्पांनी त्याचं तोंड बघून उत्तर दिलं, "सगळा घेऊन जा." मग त्यांनीच डब्याला एका बाजूनं हात घातला. मी दुसऱ्या बाजूनं धरला. तो हातगाडीवर चढवताना दोनदा टेकवावा लागला. "एवढा जड होता व्हय," ते म्हणाले. 

घरी आल्यावर आईनं नजरेनंच मला विचारलं. मी मान हलवली, नाही पाहिला. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि अप्पांना पाणी दिलं.

त्यानंतर ती दोघं बरीच वर्षं जगली. मला शाळेत नोकरी लागली, मी धारवाडला मळमड्डीत घर केलं आणि दोघांना घेऊन आले. अप्पा पुन्हा कधी गायले नाहीत. आईनं त्यांना कुठल्या लग्नाकार्यात एकटं सोडलं नाही. कुणी नातेवाईक अण्णाचा विषय काढू लागला की ती त्याला डोळ्यांनी गप्प करी, नाहीतर उठून मधे जाऊन बसे. अप्पा त्या वेळी दुसरीकडं बघत. सुरुवातीला मला ह्या सगळ्याचा राग यायचा. वाटायचं, एकदा दोघांना समोरासमोर बसवावं आणि सांगून टाकावं. आज माझी पन्नाशी उलटून गेली. रस्त्यानं एखादी गाडी असा डबा वाजवत जाते, माझ्या वर्गातली जुनी पोरंच असतात त्यात, आणि मी खिडकीशी उभी राहून आधी त्यांच्या मागच्या सीटकडं बघते. सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आईची किडनी गेली. शेवटी शेवटी दवाखान्यातच होती. एका सकाळी तिला जरा हुशारी वाटली, मी चमच्यानं पेज देत होते. अप्पा खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते, तिच्या अगदी समोर. तिनं माझं मनगट धरलं. आवाज फुटत नव्हता, ओठच हलत होते.

"सुजा, मी गेल्यावर बी त्यांना सांगू नको हं. डब्याचं."

मी अप्पांकडं पाहिलं. त्यांची नजर तिच्या ओठांवर होती. मग तिनं मान वळवून त्यांच्याकडं पाहायच्या आत त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं आणि बाहेर काहीतरी बघत असल्यासारखे बसून राहिले.